प्रश्नपत्रिका छापणारे यंत्र कोणाकोणाचे? : परीक्षा संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

विषय : परीक्षा केंद्रांवरील सामायिक प्रिंटर कोणी वापरावा, यावर मर्यादा घालण्याबाबत

महोदय / महोदया,

प्रिंटर 'शेअर' केला की तो एका संगणकाचा राहत नाही. ज्या संगणकाला तो जोडलेला असतो, त्यावरचा स्पूलर हा प्रोग्राम नेटवर्कवरून येणारी कामे स्वीकारतो, रांगेत लावतो आणि एकेक करून यंत्राकडे धाडतो. या रांगेत काम कोणी टाकायचे, रांगेतले दुसऱ्याचे काम कोणी थांबवायचे किंवा पुन्हा छापायचे, आणि प्रिंटरच्या मांडणीत फेरफार करण्याचा हक्क कोणाचा, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. विंडोजमध्ये त्यांच्यासाठी तीन वेगळ्या परवानग्या आहेत : 'प्रिंट', 'मॅनेज डॉक्युमेंट्स' आणि 'मॅनेज धिस प्रिंटर'. परीक्षा केंद्रांवर बहुधा यातल्या एकीचाही विचार झालेला नसतो. प्रिंटर बसवणारा माणूस सगळ्यांच्या संगणकावरून चाचणीचे एकेक पान काढून दाखवतो आणि चलनावर सही घेऊन जातो.

छापील गठ्ठ्यांऐवजी प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची पद्धत मुंबई विद्यापीठासह अनेक विद्यापीठांत रुळली आहे. परीक्षेच्या थोडे आधी केंद्रावर फाइल उतरवली जाते, छापली जाते, पाकिटे भरून वर्गांवर जातात. पूर्वी गुप्ततेचा भार छापखान्यावर असे. आता त्या सकाळपुरते प्रत्येक महाविद्यालय छापखाना असते. फाइल उतरेपर्यंतच्या टप्प्यांचा विद्यापीठांनी पुष्कळ विचार केला आहे : पासवर्ड, ठरलेली वेळ, खोलीतला कॅमेरा. छापलेल्या प्रतींच्या वाटपाचेही नियम आहेत. मधल्या टप्प्याबद्दल, म्हणजे प्रिंटची आज्ञा दिल्यापासून शेवटचा कागद ट्रेमध्ये पडेपर्यंतच्या वेळेबद्दल, बऱ्याचदा टोनर आणि कागद पुरेसा ठेवावा एवढेच म्हटलेले असते. परीक्षांमधील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा अधिनियम 1982 चा आहे. तो झाला तेव्हा कार्यालयांत टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइल होते, त्यामुळे प्रिंटरच्या रांगेचा विचार त्यात नसणे साहजिक आहे. केंद्रांना दिल्या जाणाऱ्या आजच्या सूचनांत मात्र तो असायला हवा.

दुसऱ्या कोणी आपले काम या प्रिंटरवर पाठवले तर प्रश्नपत्रिका कशी फुटेल, असा सवाल इथे होऊ शकतो. पाठवण्याने ती फुटत नाही. पाठवलेला कागद न्यायला माणूस येतो, तिथे अडचण आहे. ज्याला छापण्याची परवानगी, त्याला ट्रेजवळ उभे राहण्याचे निमित्त. ग्रंथालयातून कोणी प्रवेश अर्ज छापला, तो अर्थशास्त्राच्या प्रतींच्या मध्ये येऊन पडला, आणि घाईत उचललेल्या चार कागदांबरोबर प्रश्नपत्रिकेचे एक पान गेले, तर त्यात कोणाचा हेतू वाईट होता हे सिद्ध करता येत नाही. शिवाय रांग उघडून पाहणाऱ्याला त्यातल्या कामांची नावे दिसू शकतात, आणि फाइलच्या नावात विषय व सत्र लिहिलेले असते. म्हणून छापण्याची परवानगी हीच खोलीत शिरण्याची परवानगी मानून ती बेतली पाहिजे.

नव्याने शेअर केलेल्या प्रिंटरची 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडून 'सिक्युरिटी' टॅबवर गेले की वरच्या चौकटीत नावांची यादी दिसते. तीत 'एव्हरीवन' असते आणि त्याच्यासमोर 'प्रिंट'च्या 'अलाउ' रकान्यात खूण केलेली असते. 'क्रिएटर ओनर' म्हणजे ज्याने काम पाठवले तो. त्याला स्वतःचे काम रद्द करता यावे म्हणून 'मॅनेज डॉक्युमेंट्स' मिळालेले असते. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स'ना सर्व काही. ही मूळ मांडणी कार्यालयांच्या सोयीसाठी आहे आणि तिथे ती ठीकही आहे. परीक्षेच्या प्रिंटरवरून 'एव्हरीवन'ला काढून टाकावे लागते. आधी संगणकावर परीक्षा कक्षासाठी एक गट तयार करायचा, परीक्षा प्रमुख आणि त्यांचे एक-दोन सहायक एवढ्यांचीच खाती त्यात घालायची, गटाला 'प्रिंट' द्यायचे, आणि मग 'एव्हरीवन'वर जाऊन 'रिमूव्ह' करायचे. व्यक्तींची नावे थेट यादीत न घालता गट करण्याचा फायदा बदलीच्या वेळी कळतो : माणूस बदलला की गटातले नाव बदलते, प्रिंटरला हात लावावा लागत नाही. गटात नव्याने घातलेल्या माणसाला एकदा लॉग-ऑफ करून परत यावे लागते, कारण आपण कोणकोणत्या गटांत आहोत ही माहिती खाते लॉगिनच्या वेळीच उचलते. हे ठाऊक नसल्यामुळे 'परवानगी देऊनही चालत नाही' म्हणून वैतागून सगळे पुन्हा मोकळे सोडणारे लोक असतात.

याच टॅबवर एक खड्डा आहे. 'एव्हरीवन'ला काढण्याऐवजी त्याच्या 'डिनाय' रकान्यात खूण करण्याचा मोह होतो. नकार आणि होकार समोरासमोर आले की विंडोज नकाराला मान देते, आणि 'एव्हरीवन'मध्ये परीक्षा प्रमुखही मोडतात. परीक्षेच्या सकाळी सर्वांचीच छपाई बंद पडते. 'डिनाय' वापरायचे ते गटातल्या एखाद्याच माणसाला तात्पुरते वगळायचे असेल तेव्हा. एरवी ज्याचे नाव यादीत नाही त्याला परवानगी नाही, इतके पुरते.

परवानग्यांना अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा प्रत्येक माणूस वेगळ्या खात्याने संगणकावर येतो. ज्या महाविद्यालयात सर्वांची खाती एकाच जागी ठेवणारा डोमेन सर्व्हर आहे तिथे हे सोपे जाते. बहुतेक लहान महाविद्यालयांत तो नसतो. संगणक वर्कग्रुपमध्ये असतात, म्हणजे प्रत्येकाची खाती स्वतंत्र असतात, आणि प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला आहे त्यावर त्याच नावाचे, त्याच पासवर्डचे खाते असावे लागते. ते नसले की शेजारच्या संगणकावर पासवर्ड विचारणारी चौकट येते. मग कोणीतरी 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करतो, चौकट नाहीशी होते, सगळे खूश होतात. आणि यापुढे येणारा जो तो 'गेस्ट' म्हणून येतो. 'एव्हरीवन'मध्ये 'गेस्ट' धरलेला असल्याने त्याला छापता येते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एकच खाते साऱ्या कर्मचाऱ्यांनी वापरणे आणि त्याचा पासवर्ड महाविद्यालयाचे नाव व पुढे 123 असणे. अशा ठिकाणी सिक्युरिटी टॅबवर काहीही लिहिले तरी संगणकाला एकच माणूस दिसतो. ते खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे असेल, तर यादीतून काढलेली परवानगी तो माणूस स्वतःच परत घेऊ शकतो.

वेगळा प्रिंटर घेण्याची ऐपत नसलेल्या केंद्रासाठी विंडोजमध्ये एक चांगली सोय आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही. एकाच यंत्राच्या दोन रांगा करता येतात. एक परीक्षेची, एक इतर सर्वांची. दोन्ही त्याच पोर्टला जोडलेल्या, पण परवानग्या वेगळ्या. 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर प्राधान्य 1 ते 99 असे देता येते आणि रांग कोणत्या वेळेत चालू राहील तेही ठरवता येते. सर्वसाधारण रांग दुपारी एकपासून पाचपर्यंत ठेवली की सकाळचे सत्र मोकळे होते. बंद वेळेत पाठवलेले काम मात्र नाकारले जात नाही, साठून राहते. एक वाजता सगळ्यांचे हॉल तिकीट, पगारपत्रक आणि लग्नपत्रिका एकदम बाहेर पडायला लागतात. दुपारचे सत्र असेल तर ही वेळ त्यानुसार बदलायला हवी, आणि हे काम ज्याच्याकडे आहे त्याच्या हाती परीक्षेचे वेळापत्रक आधी पडायला हवे.

उलट दिशेची चूकही तितकीच महाग पडते. विंडोज 10 पासून 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा' असा एक पर्याय आला. तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप पुढच्या कामासाठी निवडला जातो. आदल्या दिवशी परीक्षा कक्षातल्या संगणकावरून कोणी कार्यालयाच्या प्रिंटरवर पत्र छापले असेल, तर दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका कार्यालयाच्या खिडकीशी निघते. म्हणून प्रश्नपत्रिका उतरवणाऱ्या संगणकावर तो पर्याय बंद हवा आणि एकाखेरीज कोणताही प्रिंटर बसवलेला नसावा. पीडीएफ तयार करणारा आभासी प्रिंटरही नको.

आतापर्यंतचे सारे उपाय स्पूलरपाशी थांबतात. नेटवर्कची केबल किंवा वाय-फाय थेट यंत्राला जोडलेले असेल, तर यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर थेट काम पाठवता येते. अशी यंत्रे साधारणपणे 9100 क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेली असतात. 515 वर जुनी एलपीडी आणि 631 वर आयपीपी पद्धतही बहुधा चालू असते. 9100 वर आलेल्या कामाला नाव-पासवर्ड विचारण्याची सोयच नाही. कोणत्याही विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवर तो पत्ता घालून प्रिंटर जोडला, की प्रिंट सर्व्हरवरची, म्हणजे प्रिंटर शेअर करणाऱ्या संगणकावरची, काळजीपूर्वक केलेली यादी त्याच्या वाटेत येत नाही. पत्ता शोधायलाही फार हुशारी लागत नाही. तो यंत्राच्या पडद्यावर असतो, कॉन्फिगरेशनच्या पानावर असतो, आणि पुष्कळ ठिकाणी तंत्रज्ञाने चिकटपट्टीवर लिहून यंत्रालाच डकवलेला असतो.

हा धोका काल्पनिक नाही. मार्च 2016 मध्ये अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांच्या प्रिंटरांतून अचानक वंशद्वेषी पत्रके बाहेर पडली. एका माणसाने इंटरनेटला उघडे असलेले 9100 पोर्ट शोधून हजारो यंत्रांकडे तीच फाइल धाडली होती. नोव्हेंबर 2018 मध्ये दुसऱ्या एकाने एका यूट्यूब वाहिनीच्या जाहिरातीसाठी सुमारे 50,000 प्रिंटरांवर असाच प्रयोग केला. दोन्ही वेळी यंत्रांनी फक्त छापले. याहून पुढचे काम जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले. प्रिंटरच्या स्वतःच्या आज्ञाभाषा वापरून काही यंत्रांच्या स्मृतीतल्या फाइली वाचता येतात, दुसऱ्याचे छपाईचे काम पकडता येते. त्यांनी 20 यंत्रे तपासली होती. उघड्या पोर्टवरून कागद आत जातो तसा बाहेरही येऊ शकतो, हे परीक्षा विभागाने लक्षात घेण्याजोगे आहे.

उपाय यंत्राच्या आतच असतो. ब्राउझरमध्ये आयपी पत्ता टाकला की प्रिंटरचे स्वतःचे पान उघडते. तिथे 'अ‍ॅक्सेस कंट्रोल' किंवा 'आयपी फिल्टर' अशा नावाचा विभाग कार्यालयीन दर्जाच्या बहुतेक यंत्रांत सापडतो. त्यात फक्त प्रिंट सर्व्हरचा पत्ता घातला की बाकीच्यांची कामे यंत्र घेत नाही. या पानाचा पासवर्ड कारखान्यातून येतो तोच राहिलेला असतो, तो आधी बदलावा. एलपीडी, एफटीपी, टेलनेट या नेटवर्क सेवांपैकी ज्या लागत नाहीत त्या बंद कराव्यात. वाय-फाय डायरेक्ट तर हमखास बंद करावे. महाविद्यालयाच्या नेटवर्कशी संबंध नसलेले स्वतःचे वायरलेस जाळे प्रिंटर त्यातून पसरवतो आणि ते खोलीच्या भिंतीबाहेरही पोचते.

आणि तरीही, सातशे-आठशे विद्यार्थ्यांच्या केंद्राला या सर्व खटाटोपाची गरज आहे का? बहुतेकदा नाही. परीक्षा कक्षातल्या एका संगणकाला यूएसबीने जोडलेला, नेटवर्कची केबल काढलेला, शेअर न केलेला प्रिंटर हा सर्वांत पक्का बंदोबस्त आहे. 'शेअर' कोणी चुकून पुन्हा चालू करू नये यासाठी विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत 'स्पूलरने बाहेरच्या जोडण्या स्वीकाराव्यात' हा पर्याय आहे, तो 'डिसेबल' करावा; स्थानिक छपाई चालू राहते, बाहेरून येणारी नाकारली जाते. हाच मार्ग मायक्रोसॉफ्टने जुलै 2021 मध्ये 'प्रिंटनाइटमेअर' या स्पूलरमधल्या गंभीर त्रुटीच्या वेळी तात्पुरता उपाय म्हणून सुचवला होता. त्या त्रुटीतून नेटवर्कवरचा साधा वापरकर्ता संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. त्यानंतर ऑगस्ट 2021 पासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागू लागले. ती कटकट टाळण्यासाठी सुरक्षा अपडेट काढून टाकण्याचे किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून ही अट शिथिल करण्याचे सल्ले तेव्हापासून तंत्रज्ञांकडून मिळत आले आहेत. परीक्षेच्या संगणकावर ते मानू नयेत.

लिनक्स वापरणाऱ्या केंद्रांत छपाईचे काम कप्स ही प्रणाली करते. प्रत्येक प्रिंटरसाठी कोणत्या व्यक्तींना किंवा गटांना मुभा आहे आणि कोणाला नाही, हे एका ओळीच्या आज्ञेने ठरवता येते. पण पासवर्ड मागण्याचे धोरण त्या प्रिंटरला लावले नसेल, तर समोरचा संगणक जे नाव सांगेल तेच कप्स खरे मानते, आणि नाव काय, कोणीही सांगेल.

परवानगी असलेल्या माणसाचे कामही यंत्रापाशी तो पोचण्याआधी छापून पडू नये, यासाठी 'सिक्युअर प्रिंट', 'प्रायव्हेट प्रिंट', 'लॉक्ड प्रिंट' अशी कंपनीपरत्वे वेगवेगळ्या नावांची सोय असते. काम यंत्रात थांबून राहते आणि पिन दाबल्यावरच कागद निघतो. संगणक एका खोलीत आणि मोठे झेरॉक्स यंत्र दुसऱ्या खोलीत, अशी रचना असेल तिथे ही सोय सक्तीची करावी.

कोणी छापले याची नोंद विंडोज ठेवू शकते, पण ती मुळात बंद असते. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'प्रिंटसर्व्हिस'खालची 'ऑपरेशनल' नोंदवही चालू केली की प्रत्येक छपाईला 307 क्रमांकाची नोंद होते : खाते, संगणक, प्रिंटर, पाने. अशा नोंदीची किंमत 2017 मध्ये अमेरिकेत दिसली. तिथल्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा एक गोपनीय अहवाल एका वृत्तसंस्थेकडे गेला. तो अहवाल संस्थेत फक्त सहा जणांनी छापला होता, हे तपासात निघाले. त्या सहांपैकी एकीच्या संगणकावर त्या वृत्तसंस्थेशी झालेला ईमेल सापडला. सहाऐवजी 'एव्हरीवन' असते तर तपास कुठून सुरू करायचा, हा प्रश्न पडला असता. केंद्रांसाठी याच्या जोडीला एक साधा ताळा आहे. छपाईआधी आणि छपाईनंतर यंत्राच्या मीटरचे आकडे लिहून त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. भाड्याच्या यंत्राचे मीटर रीडिंग दर महिन्याला घेतलेच जाते. ते परीक्षेच्या सकाळी दोनदा घ्यायला दोन मिनिटे लागतात. प्रती, खराब गेलेली पाने आणि मीटर यांचा मेळ बसला नाही, तर वर्गात पाकीट फुटण्याआधीच ते कळते.

छपाई संपल्यावर जे मागे राहते त्यावरही परवानगीचा प्रश्न लागू होतो. 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' या पर्यायावर खूण राहिली असेल तर छापलेले काम रांगेतच पडून राहते आणि 'मॅनेज डॉक्युमेंट्स' असलेला कोणीही ते पुन्हा छापू शकतो. मोठ्या संख्येसाठी डिजिटल डुप्लिकेटर वापरणाऱ्या केंद्रांत वापरलेला मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती निघतात तो स्टेन्सिल, यंत्राच्या बाजूच्या डब्यात जाऊन पडतो. शाईने माखलेल्या त्या पातळ कागदावर प्रश्नपत्रिका वाचता येते, आणि डबा रिकामा करणारा शिपाई तो कचऱ्यात टाकतो. शेवटचा मास्टर तर ड्रमवरच राहतो. पुढच्या माणसाने कळ दाबली की प्रत निघते. काही यंत्रांत यासाठी 'कॉन्फिडेन्शियल' कळ आहे. ती दाबली की ड्रमवर कोरा मास्टर चढतो. डब्यातले मास्टर परीक्षा कक्षातच फाडायला हवेत.

मोठ्या बहुकार्यी यंत्रांत हार्ड डिस्क असते. भाड्याची मुदत संपली की यंत्र डिस्कसह परत जाते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने अशी यंत्रे डिस्क न पुसता परत केली होती. त्यातले एक 2010 मध्ये सीबीएस वाहिनीच्या बातमीदारांनी सेकंडहँड विकत घेतले आणि आतली वैद्यकीय माहिती उघड झाली. 3,44,579 पर्यंत लोकांची माहिती धोक्यात आल्याचा अंदाज निघाला, आणि 2013 मध्ये संस्थेला 12 लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. महाविद्यालयांच्या यंत्रांतून प्रश्नपत्रिकांबरोबर विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, आधार आणि गुणपत्रकेही गेलेली असतात. यंत्र परत देताना डिस्क पुसली जाईल किंवा केंद्राकडेच राहील, अशी अट भाडेकरारात घालण्याची सूचना मंडळाने करावी. करार संपल्यावर ती घालता येत नाही, आणि पुरवठादार तेव्हा डिस्कची वेगळी किंमत मागतो.

कळावे.